भावजींचा धूर

माझ्या थोरल्या बहिणीनं, बर्नडीननं, लग्न केलं एल्मर व्होंड्राचेकशी आणि संसार केला एका चिमणीशी. हे माझं म्हणणं नाही, तिचंच आहे, आणि ते ती भावजींच्या तोंडावर म्हणते. भावजी रागावत नाहीत. "चिमणी उलट उत्तर देत नाही," एवढं म्हणून चष्मा नाकावर सरकवतात आणि पुन्हा स्क्रू पिळायला लागतात.

भावजींनी हयात घालवली पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवण्यात. कारखाना बंद पडला तेव्हा पॉपलर नेकमधली निम्मी माणसं मुलांकडे, नाहीतर फ्लोरिडाच्या उन्हात राहायला गेली. भावजी हलले नाहीत, कारण त्यांना डिसेंबर होता. आमच्या ह्या खाडीकाठच्या गावांतून नाताळ जवळ आला की बंबखान्यातले बंब बाहेर थंडीत उभे राहतात आणि आत त्यांच्या जागी 'गार्डन' मांडतात. गार्डन म्हणजे बाग नव्हे. फळ्यांवर रचलेलं अख्खं गाव: प्लास्टरचे डोंगर, आरशाचं तळं, बोटभर उंचीची घरं, आणि त्यांच्यामधून फिरणाऱ्या खेळण्यातल्या आगगाड्या. आमचे बंबवाले सगळे बिनपगारी, हौशी गावकरीच. वर्षभर आगी विझवतात आणि डिसेंबरात डोंगरावर झाडं चिकटवतात.

गार्डनमधलं सगळ्यात जुनं इंजिन महायुद्ध संपलं त्या काळातलं. काळंकुट्ट, हातात घेतलं तर विटेएवढं जड. ते भावजींच्या ताब्यात. चालवतात तेच, पण त्या चालवण्याला ते काम म्हणतच नाहीत. "चालवायला काय, माकड बसवलं तरी चालवेल. मी धूर काढतो."

हा धूर कसा निघतो ते ऐकल्याशिवाय त्यांच्या घरातून आजवर कुणी सुटलेलं नाही. बर्नडीनच्या लग्नानंतर मी पहिल्यांदा तिच्याकडे गेले. मेव्हणी पहिल्यांदा घरी आली तर माणूस कॉफी विचारतो. ह्या गृहस्थांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर इंजिन उताणं पाडून ठेवलं होतं, पोट उघडं. मला म्हणाले, "बस. हात लावू नकोस. बघ."

बघितलं. चिमणीच्या बरोबर खाली, पोटात, बोटाच्या पेराएवढी डबी. डबीत केसाइतक्या बारीक तारेचं वेटोळं आणि त्याला लपेटलेली वात. रुळांतून येणारी वीज चाकांना मिळते तशी ह्या तारेलाही मिळते. तार तापते, वातीनं पिऊन ठेवलेलं तेल तापतं आणि त्याची पांढरी वाफ होते.

"म्हणजे झाला धूर," मी म्हटलं. मला कॉफी हवी होती.

"तो नुसता धूर. तो कुठल्याही स्टोव्हातून निघतो." त्यांनी बोटानं चाक फिरवलं. डबीच्या शेजारी एक इवलासा दट्ट्या वरखाली व्हायला लागला. "हे बघ. चाक दट्ट्याला ढकलतं, दट्ट्या डबीत फुंकर मारतो, आणि धूर बाहेर पडतो तो चाकाच्या तालावर. गाडी हळू तर फस्... फस्... जोरात तर फसफसफस. इंजिन श्वास घेतं, लोरेटा! श्वास!"

"अगदी चर्चमधलं धुपाटणं की हो," मी कौतुकानं म्हटलं.

ते माझ्याशी ईस्टरपर्यंत बोलले नाहीत.

पुढे इतक्या वर्षांत मला ते सगळं पाठ झालं. पूर्वी चिमणीत पांढरी गोळी टाकायचे, ती वितळून धूर व्हायची. लोकांना दम कुठला? एक पुरत असताना चार कोंबायचे, वर काडी खुपसायचे, आणि फुंकर यायचं भोकच बुजवून टाकायचे. मग थेंबाथेंबानं घालायचं तेल आलं. भावजींच्या मते तेल घालणाऱ्या माणसाकडून दोनच पापं घडतात. जास्त घातलं तर वात बुडते, तारेची ऊब तिथेच मरते आणि चिमणी धुराऐवजी लाळ गाळते. कमी घातलं तर वात कोरडी पडून जळते, आणि मग जो वास सुटतो तो मेलेल्या माणसाला उठवून बसवेल. जळल्या केसांचा, जळल्या रबराचा, आणि वर थोडा पापाचा.

वात मात्र भावजी दुकानातली घालत नाहीत. दुकानातली जळत नाही म्हणतात, पण तिचा धूर पातळ. भावजींची वात कापसाची, बर्नडीनच्या जुन्या रजईतून उपसलेली. "हे माझं संशोधन," असं ते कुणालाही सांगतात. रजईच्या धनिणीचं मत त्यांनी कधी विचारलं नाही.

तर यंदा ऑक्टोबरात आमच्या बंबखान्याच्या चीफनं, डार्लीन टिलमननं, सभा बोलावली. डार्लीन लहान असताना गार्डनच्या कठड्याला नाक लावून उभी असायची. आता तिचा आवाज ऐकून धिप्पाड गडी पाय आवरून बसतात. बंबखान्यात नवी यंत्रणा बसली होती. छतावरच्या डोळ्याला धूर दिसला की वर्दी थेट काउंटीच्या मुख्य केंद्राला.

"आणि बंबखान्यातूनच वर्दी गेली, तर नियमाप्रमाणे शेजारचे येणार," डार्लीन म्हणाली. "आपण आपल्या घराला हात लावायचा नाही. शेजारचे कोण ते सांगायला नको."

सांगायला नकोच होतं. सॉलीज लँडिंग. खाडीच्या पलीकडचे. आमच्या आणि त्यांच्या आज्यांच्या वेळेपासूनचं वैर आहे. दोघांच्याही भिंतीवर वर्षभरात विझवलेल्या खऱ्या आगींचा आकडा रंगवतात. खोट्या वर्द्या त्यात धरत नाहीत. नवीन वर्षाच्या दिवशी ते होडीतून येऊन आमची भिंत बघून जातात आणि आम्ही त्यांची.

"म्हणून सांगते," डार्लीन म्हणाली, "गार्डनमुळे एक जरी खोटी वर्दी गेली, तर धूर कायमचा बंद. एल्मरकाका, ऐकताय ना?"

"धुराशिवाय इंजिन म्हणजे रुळावरून चालणारी इस्त्री," भावजी म्हणाले. "तसं असेल तर माझ्या जागी कुणा धोब्याला बसवा."

सगळे हसले. मी नाही हसले. मला माहीत आहे, कारखाना गेल्यापासून ह्या माणसाला "एल्मर, तू नसलास तर कसं होईल?" असं विचारणारी जगात एवढी एकच जागा उरली होती.

मग नोव्हेंबरातली थँक्सगिव्हिंगची मेजवानी झाली. आमच्याकडे त्या दिवशी टर्कीबरोबर आंबवलेला कोबी लागतोच. कोबी मी केला होता, आणि फोनवर बोलता बोलता पातेलं बुडाला धरलं. धरलं म्हणजे काय, कोळसा झाला. भाचरांनी खिडक्या उघडल्या, एकानं कुत्र्यापुढे ताटली ठेवली तर कुत्रं उठून दुसऱ्या खोलीत गेलं. भावजींनी मात्र दुसऱ्यांदा वाढून घेतला.

"लोरेटा," ते म्हणाले, "यंदाच्या कोबीला जोर आहे."

मला आधी वाटलं टोमणा मारताहेत. पण ते मनापासून खात होते. मला राहवेना. स्वयंपाकघरात त्यांना गाठून व्हिनेगरची बाटली नाकाखाली धरली. "भावजी, हे दूध नासलंय का बघा हो जरा."

त्यांनी छान लांब श्वास घेतला. "ताजं आहे," म्हणाले आणि निघून गेले.

दुसऱ्या क्षणी बर्नडीननं माझं मनगट पकडून मला कोठीच्या खोलीत ओढलं आणि दार लावून घेतलं.

"एक शब्द बोललीस तर बघ."

"अगं, त्यांना वास येत नाही!"

"मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात ताप आला ना, तेव्हापासून. मला माहीत आहे."

"आणि त्यांना?"

"नाक त्याचंच आहे, त्याला नाही कळणार? पण मला कळलंय हे त्याला कळलेलं नाही. आणि कळताही कामा नये. बंबखान्यात समजलं तर डार्लीन त्याला इंजिनाजवळ उभं करील का? ज्याला जळकं हुंगता येत नाही, त्याच्या हातात आग द्यायची?"

"मग घरी इतके दिवस..."

"खोकते," ती म्हणाली.

मला समजेना. तिनं सांगितलं ते असं: भावजी टेबलावर इंजिनं तपासत बसतात, ही ओट्यापाशी असते. वात सुकून वास यायला लागला की ही खोकते. खोकला ऐकून भावजी म्हणतात, "झालं, आली तुझी नाटकं!" पण म्हणता म्हणता वीज बंद करतात, चिमणीत डोकावतात, आणि मग गुपचूप तेल घालतात. त्यांनी तिच्यासाठी खोकल्याचं औषधसुद्धा आणलंय. ती ते रोज चमचाभर सिंकमध्ये ओतते.

"दोन वर्षं त्या सवतीसाठी खोकतेयस?" मी म्हटलं.

"सवतीसाठी नाही, घरासाठी. घर पेटलं तर पडदे माझे जातील." तिनं नाक मुरडलं. "आता ऐक. गार्डनच्या पहिल्या दिवशी मी चर्चच्या बाजारात केक विकणार आहे. आणि नसते, तरी मी तिथे जात नाही, तुला ठाऊक आहे. लग्न झाल्यापासून दर डिसेंबरात नवरा तिथे राहायला जातो. तिथे जाऊन मी टाळ्या वाजवू? तू सूपाच्या टेबलावर असशील. तू खोक."

बहिणीचं काम, नाही कसं म्हणणार? मी घरी आरशापुढे सरावही केला.

आणि गार्डन उघडायच्या आदल्या दिवशी मला सर्दी झाली. नाक असं बंद झालं की कांदा कापला तरी कळेना. खोकला मात्र सुरू, आणि तो माझं काही ऐकेना.

शनिवारी दुपारी बंबखाना गच्च भरला. खांद्यावर पोरं, कठड्याला पोरं, टेबलाखाली पोरं. आमचा एक गडी सांताक्लॉज होऊन दाढी सावरत फिरत होता. मी कोपऱ्यात खेकड्याचं सूप आणि गरम चॉकलेट घेऊन उभी. भावजींनी कडक इस्त्रीची निळी टोपी घातली, विजेची मूठ फिरवली, आणि इंजिन बोगद्यातून बाहेर आलं. फस्... फस्... फस्... पांढरे गोळे एकामागून एक छताकडे निघाले. पोरांनी "ओऽऽऽ" केलं. भावजींचा चेहरा असा काही उजळला की बर्नडीननं तो एकदा तरी बघायला हवा होता.

मी खोकले.

भावजींनी माझ्याकडे चमकून पाहिलं, गाडी थांबवली, आणि चिमणीत थेंब सोडले. गाडी पुन्हा निघाली. मी चॉकलेटचा पेला भरताना पुन्हा खोकले. त्यांनी पुन्हा थेंब सोडले. मी तोंडावर रुमाल दाबला, श्वास कोंडला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग तीन खोकले एकदम बाहेर पडले. भावजींनी बाटलीच उपडी केली.

"आज इतकं पितंय तरी कसं हे!" असं ते पुटपुटलेले मला ऐकू आलं.

इंजिन बुडालं. फस् फस् बंद होऊन चिमणीतून गुडगुड असा आवाज यायला लागला आणि तेलाचा ओघळ पुढच्या दिव्यावर आला. कठड्याजवळची एक पोरगी म्हणाली, "आई, त्याला शेंबूड आलाय."

भावजी लालेलाल झाले. त्यांनी एक गोष्ट केली, जी न करण्याबद्दल ते स्वतः लोकांना तासभर व्याख्यान देतात. इंजिन जागच्या जागी उभं ठेवलं आणि विजेची मूठ शेवटपर्यंत फिरवली. तेल उकळून उडवून टाकायचं, म्हणजे वात मोकळी होईल असा हिशेब. आणि खरोखरच धूर आला. गोळे नव्हे, लोट. डोंगर दिसेनासा झाला, चर्चचं शिखर दिसेनासं झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भावजींनी टोपी काढून वाकून नमस्कार केला आणि गाडी त्याच पूर्ण विजेवर सोडली.

मी खोकले. ह्या वेळी मुद्दाम की चुकून, ते मला आजही सांगता येणार नाही.

भावजी माझ्या टेबलाकडे वाकले आणि हळूच म्हणाले, "लोरेटा, तुला सर्दी झालीय. तुझ्या खोकल्यावर आता माझा विश्वास नाही."

मी सूपाचा डाव हातात धरून उभीच राहिले. म्हणजे ह्यांना खोकल्याचा अर्थ माहीत होता! पण विचार करायला वेळ मिळाला नाही. पुढच्या रांगेतल्या बायांनी नाकाला रुमाल लावले. एकानं पोराचा डायपर हुंगून पाहिला. आमचे बंबवाले एकमेकांकडे बघायला लागले, मग भिंतींकडे, मग वायरींच्या पेटीकडे. सांताक्लॉजनं दाढी खाली ओढून हुंगलं आणि ओरडला, "काहीतरी जळतंय!" साऱ्या बंबखान्यात एकच माणूस शांत होता. तो पोरांना समजावत होता, "बघा, आता कसं श्वास घेतंय."

मग छतावरचा डोळा किंचाळला.

"सगळे बाहेर!" डार्लीनचा आवाज आला, आणि पाचोळा उडावा तशी आम्ही सगळी रस्त्यावर आलो. आमचे गडी बाहेर उभ्या असलेल्या आपल्याच बंबांना टेकून उभे राहिले. नियम म्हणजे नियम, आपल्या घराला हात लावायचा नाही. आणि पुलावरून सायरन ऐकू आला. सॉलीज लँडिंगवाले इतक्या झटपट आयुष्यात कुठल्या आगीला आले नसतील. त्यांचा कप्तान, बक हार्डेस्टी, बंब थांबायच्या आतच कुऱ्हाड घेऊन उतरला. तोंडावर मुखवटा होता, पण डोळे हसत होते.

आतून फुस्स असा आवाज आला. थोड्या वेळानं बक बाहेर आला. जाड हातमोज्यांत भावजींचं इंजिन, पिठात घोळलेल्या माशासारखं पांढरंफटक. मागच्या उघड्या दारातून दिसलं, सगळ्या गार्डनवर विझवायच्या भुकटीचा बर्फ पडला होता. खरं सांगायचं तर ते सुंदर दिसत होतं.

"विझवली!" बक म्हणाला.

डार्लीन भावजींपुढे येऊन उभी राहिली. "एल्मरकाका, काय झालं?"

"तेल भेसळीचं आहे," भावजी म्हणाले. "आणि तुमचा तो छतावरचा डोळा, त्याला मोतीबिंदू झालाय. आणि लोरेटा खोकत होती."

"काका, अख्ख्या गल्लीला वास आला. तुम्ही इंजिनापासून हातभर अंतरावर होता. तुम्हाला आला नाही?"

भावजींनी हातातली टोपी डोक्यावर चढवली. तेवढ्यात गर्दी फाटली आणि बर्नडीन आली. चर्चपासून धावत आली होती. अंगात कोट नाही, ॲप्रनवर केकचं क्रीम, एका हातात अजून सुरी. तिनं भावजींना डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, हात चाचपले, कान तपासले, आणि सगळं शाबूत आहे अशी खात्री झाल्यावर खेकसली, "मेलास का नाहीस? बंबखाना पेटला म्हणाले! माझा जीव गेला होता तिथे!"

भावजी तिच्याकडे बघत राहिले. मग टोपी काढली आणि डार्लीनला म्हणाले, "नाही आला. मला वासच येत नाही. दोन हिवाळे झाले. धुराचा नाही, कॉफीचा नाही. कोबी जळला होता म्हणे, तेही मला मागून कळलं. उशीला हिच्या केसांचा वास यायचा, तोही गेला."



"माझ्या केसांना तुझ्या धुराचाच वास येतो, मूर्खा," बर्नडीन म्हणाली. "इतकी वर्षं धुतेय, जात नाही."

लोक हसले, पण बेतानं.

"हिच्या खोकल्यावर चाललं होतं माझं," भावजी म्हणाले.

"म्हणजे तुला ठाऊक होतं?" बर्नडीननं सुरी रोखली. "आणि ते औषध?"

"तुला दमा आहे असं मानायचं नाटक मीही करायला नको का? दमा असलेल्या बाईला एवढं भांडता येत नाही, बर्नी."

डार्लीननं खाली मान घालून नाक चोळलं. मला वाटतं ती हसू दाबत होती, पण मान वर केली तेव्हा ती चीफ होती. "काका, मी सभेत सांगितलं होतं. खोटी वर्दी गेली, तर धूर बंद."

"खोटी?" बर्नडीन वळली. "खोटी कशी? आत जळत होतं की नव्हतं? माझ्या रजईचा कापूस आहे तो. तूच बघ!" तिनं बकच्या हातातलं इंजिन हिसकावून उताणं केलं. डबीत काळा कोळसा झालेली वात होती आणि तिच्या कडेला एक लाल ठिणगी अजून जिवंत होती. "ही काय आहे? जास्वंद?"

बकनं वाकून बघितलं. त्याच्या डोक्यात काय चाललंय ते आम्हा सगळ्यांना एकाच वेळी कळलं. ठिणगी असेल तर ती आग. आग असेल तर ती खरी. आणि ती विझवली कुणी?

"ताई म्हणतात ते बरोबर आहे," बक गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "खरी आग. पॉपलर नेकच्या बंबखान्यात. सॉलीज लँडिंगनं विझवली. आमच्या भिंतीवर रंगवायला जागा आहे." आणि त्यानं बोटानं ती ठिणगी चिरडून पुरती विझवली.

डार्लीनचा चेहरा बघवेना. खोटी वर्दी म्हटलं तर बंबखान्याची अब्रू राहते आणि भावजींचा धूर जातो. खरी आग म्हटलं तर धूर राहतो, आणि आमच्या नातवंडांच्या नातवंडांना सॉलीज लँडिंगची पोरं विचारणार की काय हो, तुमचं घर आम्ही विझवलं होतं ना? आमचे गडी बुटांकडे बघत उभे होते.

भावजीच पुढे झाले. "खोटी म्हण, डार्लीन," ते म्हणाले. "ह्या बंबखान्यानं माझं पुष्कळ ऐकलंय. माझ्या एका वातीसाठी ह्याला खाली मान घालायला लावू नकोस. धूर गेला तर गेला. उद्यापासून इस्त्री चालवीन."

हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं. मी ह्या माणसाच्या बढाया उभा जन्म ऐकत आलेय, त्यामुळे मला रडू आलं. सर्दी होतीच, कुणाला कळलं नाही.

डार्लीननं पाठ ताठ केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आग होती. खरी होती. सॉलीज लँडिंगनं विझवली." आणि दात ओठ खात पुढे म्हणाली, "आभारी आहोत."

सॉलीज लँडिंगवाल्यांनी अशी आरोळी ठोकली की खाडीतले बगळे उडाले. सांताक्लॉज मटकन बंबाच्या पायरीवर बसला.

"पण दोन अटी," डार्लीन भावजींना म्हणाली. "वात दुकानातली. आणि इंजिनापाशी एक चालू नाक असल्याशिवाय धूर नाही. माझ्या गड्यांपैकी कुणी..."

"कुणी कशाला?" बर्नडीन म्हणाली. "ह्याचं खोकणं मी करते. दुसऱ्या कुणाला जमणार आहे?" तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा खोकले.

रविवारी आम्ही सकाळपासून गार्डनवरची भुकटी झटकत होतो. दुपारी दारं उघडली तर सगळ्यात पुढे बक हार्डेस्टी, बायकापोरांसकट. त्यांना 'त्यांची' आग बघायची होती. बकनं खिशातून खेळण्यातला एक छोटा बंब काढला, त्यावर 'सॉलीज लँडिंग' रंगवलेलं, आणि तो रुळाशेजारी ठेवला. डार्लीन बघत होती. काढून टाक असं तिला म्हणता येईना.

बर्नडीन विणकाम घेऊन भावजींच्या शेजारी खुर्चीवर बसली, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. भावजींनी दुकानातली वात घातली होती, थेंब मोजून सोडले होते. मूठ फिरवली. इंजिन बोगद्यातून आलं. फस्... फस्... पोरांनी "ओऽऽऽ" केलं. धूर थोडा पातळ होता, पण तालावर होता.

भावजींनी पोरांकडे बघितलंच नाही. ते बर्नडीनकडे वाकले.

"कसला वास येतोय गं?"

तिनं सुया थांबवल्या आणि हुंगलं.

"घाणेरडा."

"जळका नाही ना?"

"नाही. नेहमीचाच घाणेरडा. आपल्या स्वयंपाकघराला येतो तो."

"नक्की तोच?"

"अरे, तोच. नुकतीच विझवलेली मेणबत्ती, त्यात इस्त्री खाली राहिलेला कपडा, आणि वर तुझा तो जुना कोट."

भावजींनी मान हलवली. गाडी तळ्याला वळसा घालून पुन्हा समोर आली, आणि त्यांनी पुन्हा विचारलं, "आणि आता?"